गबाळ्याचे दोन देव

दिनांक २९

धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने सुरुवात आशीर्वादाने करायची असते म्हणून करते आहे, पोचले नाहीत तरी चालेल. इकडे सगळं ठीक. तिकडचं विचारत नाही, कारण तुझ्याकडे सगळं ठीकच असतं, हे तू येता-जाता ऐकवतेसच.

तुझी चिठ्ठी काल व्यायामवाल्या ताईंनी आणून दिली. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून यापुढे जे काय बोलायचं ते कागदावर, असा तुझा हुकूम. बरं. तुला सवय आहे हुकमाची, मला आहे ऐकून घ्यायची. फक्त मी पेन दाबून लिहिते. पान उलटून बोट फिरवलंस तर चढलेला आवाज तिथे सापडेल.

आणि हो, बाबांना व्यायाम द्यायला तू बाई लावून दिलीस, तिचे पैसे तू देतेस, ती राहते तुझ्याच गल्लीत. मी काही दुधखुळी नाही. बाई चांगली आहे, हात हलका आहे, पण घरात शिरल्या शिरल्या तिचे डोळे चहूकडे फिरतात ते मला दिसतं. तिला सांग, कपाटामागेही बघत जा म्हणावं.

तुझं म्हणणं असं, की एक तारखेला तू गाडी घेऊन येणार, बाबांना नेणार, तळमजल्याची खोली रिकामी करून ठेवली आहे, खिडकीतून झाड दिसतं. वा! बाबा म्हणजे कुणाच्या घरी विसरून राहिलेली छत्री नाही, की आठवण झाली आणि घेऊन गेलीस. अकरा महिने झाले त्यांना झटका येऊन. या अकरा महिन्यांत तू किती वेळा आलीस ते मी मोजलं नाही, मोजायला बोटं फार लागली नसती म्हणून. सकाळी त्यांना उठवायचं, धुवायचं, कपडे चढवायचे, भरवायचं, मग दिवसाची बाई आली की धावत कामावर जायचं. तिथे आठ तास परक्या माणसांच्या कवळ्या करायच्या. मेणात एकेक दात बसवताना श्वास धरावा लागतो. अर्ध्या केसाने दात वाकडा बसला तर ते माणूस आयुष्यभर मला शिव्या देत चावणार. संध्याकाळी परत यायचं ते पुन्हा भरवायला. हे तू एक आठवडा करून दाखव, मग झाडाच्या गोष्टी सांग.

बाबांच्या हातावरच्या डागाचं विचारलंस. परवा व्हिडिओवर दिसला म्हणे. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचा आहे. पट्टा आवळतो. झालं समाधान?

आता एक बातमी, तीही तुझ्या बाईंमुळेच. बाबांचा उजवा हात हलता राहावा म्हणून त्यांनी सुचवलं, की कॉम्प्युटरचा माउस हातात द्या, पडद्यावर काहीतरी हललं की रुग्णाला हुरूप येतो. माझ्याकडे दुसरा कॉम्प्युटर कुठला! माळ्यावरचा तो जुना डबा खाली काढला. आई गेली त्या वर्षी बाबांनी आणलेला, आपण दोघी गप्प बसावं म्हणून. धूळ पुसली, वायरी लावल्या, आणि मेला चालू झाला. आत काय असणार? तोच तो देवाचा खेळ. तेच बेट, तेच गावकरी. आणि किनाऱ्यावर बसलेला गबाळ्या.

अठरा वर्षं तिथेच बसला होता. मेला नाही. त्या खेळात मरतच नाही म्हणा कुणी, आपण देव असताना आपलं जनावर कसं मरेल?

बाबांनी त्याला ओळखलं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "नऊ चाळीस!" तुला माहीत आहेच, झटक्यानंतर त्यांच्याकडे एवढाच एक शब्द राहिला आहे. बस आगारात तीस वर्षं ड्यूट्या लावल्या, हजारो गाड्या सोडल्या, त्यांतली नेमकी नऊ चाळीसच तोंडात अडकून बसली. भूक लागली तरी नऊ चाळीस, राग आला तरी नऊ चाळीस. पण काल जे म्हणाले ते वेगळं होतं. हसून म्हणाले.

तर अशी इथली खुशाली. बाबा कुठेही जाणार नाहीत. झाड तुझं तू बघत बस.

तुझी, म्हणण्यापुरती,
ताई


दिनांक ३१

धाकटीस,

आशीर्वाद, नेहमीचेच.

तुझं उत्तर मिळालं. अख्ख्या पानात बाबांची चौकशी दोन ओळी आणि बाकी सगळा गबाळ्या! वर हे वाक्य: "त्याला कोण मारायचं ते तुला चांगलं ठाऊक आहे." एवढी वर्षं हे पोटात घेऊन बसली होतीस होय? मग आता ऐकच. मलाही सगळं आठवतं.

खेळाच्या सुरुवातीला तीन जनावरं समोर आली होती. वाघ, बैल आणि अस्वल. तुम्ही देव आहात, एक निवडा, ते तुमच्याकडे बघून शिकेल, तुमच्यासारखं होईल. मला वाघ हवा होता. तुला बैल, कारण त्याचे डोळे गरीब होते. आपण इतक्या भांडलो, की बाबा हातातलं भांडं तसंच घेऊन स्वयंपाकघरातून आले आणि म्हणाले, "दोघींना नको असलेलं घ्या, म्हणजे दोघींचंही होणार नाही आणि दोघींचंही होईल." असं ते अस्वल आलं. केस पिंजारलेले, पोट लोंबणारं. गबाळ्या हे नाव तू ठेवलंस. मी विरोध केला नाही, त्याला शोभत होतं.

मग बाबांनी आगारातल्यासारखा तक्ता करून फ्रिजवर लावला. विषम तारखा माझ्या, सम तारखा तुझ्या. सकाळी गॅस कोण पेटवणार, केर कोण काढणार आणि देव कोण होणार, सगळं त्या एकाच तक्त्यावर. तू दहा दिवसांत खोट काढलीस. एकतीस तारीख माझी आणि लगेच येणारी एक तारीखही माझी. "वर्षातून सात वेळा ताईला सलग दोन दिवस मिळतात!" म्हणून तू जेवली नव्हतीस. बाबा म्हणाले, कॅलेंडर मी बनवलेलं नाही.

आता मारण्याचं. त्या बेटावर आपला देव म्हणजे नुसता एक मोठा हात. हात हळू फिरवला की गोंजारणं, झटक्यात फिरवला की चापट. जनावर काही करत असताना गोंजारलं तर ते पुन्हा करतं, चापट दिली तर सोडतं. इतकं सोपं. मी त्याला शिस्त लावत होते. जंगलातून लाकडं आण, शेताला पाणी घाल, लोकांच्या धान्याला तोंड लावू नकोस. आणि तू काय करत होतीस? ते शेतात घुसून खायचं आणि तू त्याचं पोट खाजवायचीस! काम सोडून गावात नाचायचं आणि तू टाळ्या वाजवायचीस. सम तारखेला ज्याचं कौतुक, विषम तारखेला त्याचाच मार. मग मी मारणार नाही तर काय करणार? तू बिघडवायचंस आणि मी निस्तरायचं. तेव्हापासून आपलं हेच चाललं आहे.

शेवटी ते काहीच करेनासं झालं. खाईना, काम करेना, किनाऱ्यावर जाऊन बसलं. मी बाबांना सांगितलं, धाकटीने लाडावून ठेवलं. बाबांनी तक्त्यावरच्या तुझ्या तारखा महिनाभरासाठी खोडल्या. तू रडलीस, नंतर त्या खुर्चीवर पुन्हा कधी बसली नाहीस. मला सगळे दिवस मिळाले, आणि गबाळ्या काही उठला नाही.

हे झालं जुनं. आता कालचं सांगते, म्हणजे उगाच दुसऱ्यांकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको. व्यायामवाल्या ताई बसल्या होत्या, बाबांच्या हातात माउस होता. त्यांचा उजवा हात कसा चालतो तुला माहीत आहे, मुंगीच्या पावलाने. पडद्यावरचा तो मोठा हात बेटावरून तसाच सरकत सरकत किनाऱ्याला पोचला. आणि गबाळ्या उठला! अठरा वर्षांनी उठला, आळस दिला, हाताखाली येऊन उताणा पडला. बाबा इतके खूष, नऊ चाळीस, नऊ चाळीस, लाळ गळेपर्यंत. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, बघू, आता जरा लाकडं आणायला लावू. माउस माझ्याकडे घेतला. तर त्याने झटकन दोन्ही पंजे डोक्यावर घेतले आणि अंगाचं मुटकुळं करून बसला.

कॉम्प्युटर जुना आहे. खेळात काहीतरी अडकलं असेल. ताई पिशवी आवरायला लागल्या. त्या तुला काय सांगणार आहेत ते त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं.

आता शेवटचं. डागाबद्दल तू दुसऱ्यांदा विचारलंस. पट्टा दंडाला बांधतात आणि डाग मनगटाजवळ आहे, हे तू मला शिकवायची गरज नाही. म्हातारी कातडी आहे, कुठेही काळीनिळी पडते. तिसऱ्यांदा विचारू नकोस.

उद्या गाडी आणलीस तर दार उघडणार नाही. आज एकतीस, उद्या एक. दोन्ही माझ्या आहेत. तक्ता आठव.

ताई


दिनांक १, सकाळी

धाकटीस,

तुझी चिठ्ठी काल दुपारीच व्यायामवाल्या ताई मला कामावर आणून देऊन गेल्या. मला वाटलं होतं, चार पानं भरून शिव्या असतील. मीही तयारीत बसले होते. तर एकच ओळ: "तू म्हणशील तेव्हा येते." माझी सगळी तयारी वाया गेली. तुझं हे असंच. आपण हात उगारावा आणि समोरचं माणूस भांडायलाच तयार नसावं, याच्यासारखा संताप दुसरा नाही.

काल संध्याकाळी कामावरून आले ती वैतागूनच. एका गिऱ्हाइकाची कवळी तिसऱ्यांदा परत आली होती, म्हणे हसताना मी वेगळीच दिसते. चौथ्यांदा मेण तापवलं, चौथ्यांदा एकेक दात उचलून बसवला. आमचे मालक म्हणतात, तुझ्या हाताइतका सावकाश हात या धंद्यात दुसरा नाही. खरं आहे. दिवसभराचा सगळा सावकाशपणा मी तिथे खर्चून येते. घरी येते तेव्हा त्यातला चमचाभरही शिल्लक नसतो.

बाबा खेळत होते. दिवसाच्या बाईने बसवून दिलं होतं. गबाळ्या त्यांच्या हाताखाली लोळत होता. गोळ्यांची वेळ झाली होती, सूप गार होत होतं. मी म्हटलं, बाबा, पुरे आता. ते म्हणाले नऊ चाळीस. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा नऊ चाळीस. मग मी पुढे झाले आणि त्यांच्या हाताखालून माउस ओढला.

पडद्यावर गबाळ्याने डोकं झाकलं.

खुर्चीत बाबांनी झाकलं. डावा हात, तो चांगला आहे ना, तो वर नेला आणि कोपराआड तोंड लपवलं. दोघांनी एकदमच. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

मी मारलं आहे त्यांना. आता लिहिलं, आता तुझ्या बाईंना कपाटामागे बघायला नको. दोनदा. पहिल्यांदा त्यांनी तोंडातली गोळी माझ्या अंगावर थुंकली तेव्हा. दुसऱ्यांदा मागच्या पंधरवड्यात, सुपाचा वाडगा उलटवला तेव्हा, मनगटावर, त्याच चमच्याने. लाकडी होता. डाग त्याचा आहे. मारल्यावर मी वाडगा उचलला, जमीन पुसली, दुसरं सूप आणलं आणि त्यांनी निमूट प्यायलं. आणि खरं सांगते, मला त्या वेळी वाटलं की चला, शिस्त लागली.

वाडगा त्यांनी मुद्दाम उलटवला नव्हता. त्यांचा हात तसाच चालतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल मी माउस खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा घेतला आणि पडद्यावरचा हात हळू नेला, कवळीत दात बसवताना नेते तसा, श्वास धरून. बराच वेळ लागला. गबाळ्याने एका पंज्याआडून बघितलं, दुसऱ्या पंज्याआडून बघितलं आणि आला. माझ्या हाताखाली आला! म्हणजे त्याला मी नको होते असं नाही. देव दोन आहेत हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्याला दिसायचा एकच हात, कधी असा, कधी तसा. हात कसा येतो आहे एवढंच बघायला तो शिकला होता. बाकी आपण जे शिकवलं त्यातलं काही शिकला नाही.

मग मी तसाच हळू हात बाबांकडे नेला. नुसती हनुवटी पुसायची होती.

अस्वल आलं, धाकटे. बाबांनी कोपर खाली घेतलं नाही. मी हात मागे घेऊन लांब जाऊन बसले, तेव्हा घेतलं.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मग मला तुझा आणखी राग येईल. तुझ्या तारखा माझ्या सांगण्यावरून खोडल्या, हेही फक्त लिहून ठेवते. लाडावणं वगैरे काही नव्हतं. तुझ्याकडे ते आनंदाने जायचं आणि माझ्याकडे भीतीने काम करायचं, हे मला बघवत नव्हतं. चौदा वर्षांची होते म्हणून तेव्हाचं सोडून देता येईल. आता कितीची आहे ते तुला माहीत आहे.

अकरा महिन्यांत तू फारशी आली नाहीस त्याचा राग आहे. तो राहणार. त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही.

आता नीट वाच. सकाळची पांढरी गोळी पाण्यात विरघळवून द्यायची, आख्खी दिलीस तर थुंकतात. भरवताना उजव्या गालात अन्न साठतं, बोटाने काढावं लागतं, घाई केलीस तर चावतात. चावले तर चावू दे. दाढी एक दिवसाआड. कानात ओरडून बोलू नकोस, ऐकू नीट येतं, फक्त उत्तर एकच आहे. नऊ चाळीस कसं म्हणतात त्यावरून कळेल, चार-सहा दिवसांत कान तयार होतो. झाडासमोर बसव. कॉम्प्युटरही घेऊन जा, पेट्या दोन आहेत, मी वायरींना चिकटपट्ट्या लावून कुठली कुठे ते लिहिलं आहे. वाडगा जड बुडाचा घे. चमचा मी फेकला आहे.

मला काही दिवस बोलावू नकोस. पुढे कधी बोलावलंस तर येईन, दाराशी उभी राहीन. आत ये असं तू म्हणायचं नाहीस. बाबांनी बघून, कोपर वर न नेता नऊ चाळीस म्हटलं तरच आत येईन.

आज त्यांना आंघोळ घालायला मी दिवसाच्या बाईला लवकर बोलावलं आहे. मी दुसऱ्या खोलीत बसून हे लिहिते आहे. चिठ्ठी दुपारी व्यायामवाल्या ताईंबरोबर पाठवते.

उद्या गाडी आण. दार उघडं असेल.

उद्या दोन तारीख आहे. ती तुझी. त्यानंतरची तीन तारीखही तूच घे.

ताई